‘पोरगा चालाले लागला का, बाई?’

पिठाच्या गिरणीवर, बाजारात वांगी निवडताना, एसटीत पलीकडच्या बाकावरून, अगदी तेरवीच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न मला विचारला गेलाय. ‘काहून जी बाई, पोरगा चालाले लागला का?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्यानं पन्नास रुपये दिलेले असतात, नाही तर सूपभर धान. दिलेल्या पैशाचं काय झालं, हे विचारायचा त्याला हक्कच आहे. तरी सुरुवातीला हा प्रश्न आला की मी वांग्यांकडेच बघत राहायची. कारण पोरगा चालेल, असं मीच लिहिलं होतं. माझ्या अक्षरात, चौकटीत, खाली दोन रेघा ओढून.

तुमसर तालुक्यात आमचं गाव. भंडारा जिल्हा म्हटलं की बाहेरच्या लोकांना तलाव आठवतात, भंडाऱ्याची पितळी भांडी आठवतात, पण आमचं सगळं जगणं धानाभोवती. आषाढ-श्रावणात रोवणी, दिवाळीच्या पुढेमागे कापणी, मग मंडई, मग राइस मिलचा हंगाम. मी या गावात लग्न होऊन आले त्याला आता बावीस वर्षं झाली. घरी मुलांच्या शिकवण्या घेते आणि आमच्या बचत गटाची सचिव आहे. म्हणजे काय, तर गटात ज्या बाईचं अक्षर बरं, तिच्या गळ्यात हिशेबाचं रजिस्टर पडतं!

आमच्या घराच्या मागच्या गल्लीत ते कुटुंब राहतं. बाप मिलमध्ये हमाली करतो. आई आमच्याच गटात. मुलाचं नाव मी लिहीत नाही, त्याच्या आईनं तसं सांगितलंय. आम्ही सगळ्या त्याला बाबू म्हणतो आणि गल्लीतल्या अर्ध्या पोरांना बाबूच म्हणतात, त्यामुळे चालेल. २०१८ चा त्याचा जन्म. सातव्या महिन्यात झाला, झाल्यावर रडला नाही. पुढे मान धरेना, नजर ठरेना, आणि वर्षाच्या आत झटके सुरू झाले. पहिल्यांदा झटका आला तेव्हा घरच्यांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, सगळं झालं. मग डॉक्टरांनी सांगितलं, ‘सेरेब्रल पाल्सी’. मराठीत मेंदूचा पक्षाघात म्हणतात. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा होते आणि हातपाय, मान, जीभ यांच्यावरचा ताबा बिघडतो. जगभर हजार जन्मांमागे दोन-तीन मुलांना हा त्रास होतो म्हणे. बाबूचं एवढ्यावर थांबलं नव्हतं. झटके होते, दिसायला फार कमी, गिळायला त्रास. एकात एक गुंतलेलं सगळं.

आणि हे सगळं आम्हाला, म्हणजे त्याच्या दहा पावलांवर राहणाऱ्या बायांना, चार वर्षं नीटसं माहीतच नव्हतं. त्याची आई हळदी-कुंकवाला येत नाही, गटाच्या मीटिंगमधून दहा मिनिटांत उठते, म्हणून आम्ही तिला ‘घमेंडी’ ठरवून टाकलं होतं. त्याबद्दल आज काय लिहायचं...

२०२२ च्या उन्हाळ्यात बाबूच्या बापाच्या हाती कुणीतरी एक रंगीत पत्रक ठेवलं. एका मोठ्या शहरातला दवाखाना. ‘स्टेम सेल’ची तीन इंजेक्शनं, अडीच लाख रुपये, मूल उभं राहील. पत्रकावर हसरी मुलं, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. बापानं ते पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलं होतं, सातबारा ठेवतात तसं. ते घेऊन बाबूची आई माझ्याकडे आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या ओट्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त बसली असेल.

तो काळही तसाच होता. २०२१ मध्ये मुंबईच्या एका चिमुकलीची बातमी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. तिला एसएमए नावाचा स्नायूंचा दुर्मीळ आजार आणि त्यावरचं एक परदेशी इंजेक्शन सोळा कोटींचं. आईवडिलांनी इंटरनेटवरून लोकांकडे पैसे मागितले, देशभरातून ते जमले, केंद्र सरकारनं आयातीचा सुमारे सहा कोटींचा कर माफ केला आणि फेब्रुवारीत तिला इंजेक्शन मिळालं. त्याच वर्षी पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका मुलीसाठीही असेच कोट्यवधी रुपये जमले. जूनमध्ये तिलाही इंजेक्शन दिलं गेलं. ते आम्ही पाहिलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ती गेली, तेही पाहिलं होतं. पण माणसाचं मन बघा, पहिली गोष्ट जवळ ठेवतं, दुसरी बाजूला सारतं. सोळा कोटी जमतात तर अडीच लाख का नाही जमणार, एवढाच हिशेब आमच्या डोक्यात होता. बाबूचा आजार वेगळा आहे, ते इंजेक्शन वेगळं, हे वेगळं, हा विचार कुणी केलाच नाही. मी तर नाहीच नाही. मी डबलरेघी वही काढून आवाहन लिहायला बसले.

‘तुमच्या शंभर रुपयांनी हे बाळ चालू लागेल.’

सोबत फोटो हवा म्हणून मी त्यांच्या घरी गेले. बाबू गोधडीवर पडलेला, अंगात सदरा नाही, पाय एकमेकांवर कैचीसारखे आवळलेले, ओठाच्या कडेनं लाळ. मी मोबाइलवर फोटो काढला. मनात आलं, असाच बरा, लोकांना दया येईल. आईला विचारलं का? ‘टाकू ना गं?’ असं म्हणाले असेन. ती ‘हाव’ म्हणाली असेल. पैसे गोळा करून देणाऱ्या बाईला ती दुसरं काय म्हणणार होती?

पैसे मात्र आमच्या गावानं असे दिले की अजून अंगावर काटा येतो. जुलैत रोवणी सुरू झाली. आमच्याकडे बाया गुत्त्यानं किंवा रोजानं रोवणीला जातात, कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात, वरून पाऊस. त्या साली रोज अडीचशे रुपये होता. बेचाळीस बायांनी एका दिवसाची मजुरी दिली. एकीनं तर ‘मी दोन दिवसाची देतो’ म्हटलं, तर बाकीच्यांनीच तिला गप्प केलं, कारण तिच्या घरची परिस्थिती बाबूच्या घरापेक्षा वेगळी नव्हती. १०,५०० रुपये झाले. कापणीनंतर घरटी सूपभर धान गोळा केला. सायकलला पोतं बांधून पोरं दारोदार फिरली. नऊ क्विंटल भरला. व्यापाऱ्यानं १८०० च्या भावानं घेतला. त्या साली साध्या धानाचा हमीभाव २०४० होता, पण सूपासुपानं जमवलेला, चार जातींचा मिसळलेला धान केंद्रावर कोण घेणार? १६,२०० आले.

मग मंडई. भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, लेकी माहेरी येतात, आणि रात्री नाटक किंवा दंडार. नाटकाला हजारभर माणूस सहज. आयोजकांनी मध्यंतरात दहा मिनिटं दिली. मी माइकवर उभी राहिले, पाय लटपटत होते. दोन पोरांनी चादर धरून मांडवात फेरी मारली. १४,३५० रुपये, त्यातली निम्मी रक्कम दहा-दहाच्या नोटा आणि चिल्लर. दुकानांतले नि शाळेतले डबे फोडले त्यात ८,४५० निघाले. गटानं आपल्या बचतीतून दहा हजार दिले. आणि मोबाइलवरचा तो फोटो नागपूर, पुणे, चिखला-डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणींपर्यंत फिरला, त्यातून ६७,५०० आले. जानेवारी २०२३ पर्यंत सगळे मिळून एक लाख सत्तावीस हजार!

एक मधलीच गोष्ट. गावातल्या एका शहाण्या माणसानं विचारलं, ‘पैसे गोळा कराची परवानगी हाय का?’ आम्हाला राग आला. पण विचारलं ते बरोबर होतं. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क खाली परवानगी घेतात, ते काय उगाच नाही. सार्वजनिक कामाला पैसे मागितले की कायदा येतो. आम्ही मग गटाच्या वहीत वेगळं खातं काढलं, प्रत्येक रुपयाची पावती, आणि मोबाइलवरचे पैसे थेट आई आणि बाबूच्या जोडखात्यात. तुम्ही असं काही करणार असाल तर आधी धर्मादाय कार्यालयात जाऊन विचारा, मग फोटो फिरवा. आमचं उलटं झालं.

इंजेक्शनच्या दवाखान्यानं फोनवर सांगितलं की आधीचे सगळे रिपोर्ट आणा. ते काढायला आम्ही तुमसर रोडहून गाडी पकडून नागपूरच्या मेडिकलला गेलो. बाबू, त्याची आई आणि मी. बालरोग विभागातल्या डॉक्टर बाईंनी फाइल पाहिली, बाबूला तपासलं, पत्रक वाचलं. रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत. पत्रक घडी करून परत दिलं आणि म्हणाल्या, ‘याला जेवू कसं घालता?’

आईनं दाखवलं. मांडीवर आडवा घेऊन, मान मागे टाकून, वरणभाताचं पाणी चमच्यानं. आमच्याकडे सगळ्याच बाया लहान मुलाला तसंच भरवतात.

‘दर महिन्याला छातीत कफ होतो ना?’

‘हाव जी. न्यूमोनिया झाला दोनदा.’

डॉक्टर बाईंनी एक खुर्ची ओढली, टॉवेलच्या गुंडाळ्या करून दोन्ही बाजूंना खोचल्या, बाबूला सरळ बसवला, हनुवटी जराशी खाली. पातळ पाणी नको, घट्टसर घ्या, म्हणाल्या. कँटीनमधून आणलेलं दही आईनं भरवलं. त्यानं गिळलं. ठसका लागला नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा गिळलं. पाचव्या वर्षी पोराचं पहिलं शांत जेवण, सरकारी ओपीडीच्या बाकाशेजारी, माणसांच्या गर्दीत. आई माझ्याकडे बघत होती आणि मला मात्र पर्समधल्या बँक पासबुकाचं ओझं झालं होतं.

त्यांनी मग नीट सांगितलं. मेंदूला झालेली इजा भरून काढेल असं कोणतंही इंजेक्शन आज नाही. स्टेम सेलचा उपचार रक्ताच्या काही आजारांत खरोखर होतो, पण आयसीएमआरनं २०१७ च्या नियमावलीत स्पष्ट म्हटलंय की अशा मान्य आजारांखेरीज तो पैसे घेऊन ‘उपचार’ म्हणून देणं योग्य नाही, तो फक्त मंजूर संशोधनातच. आणि संशोधनात पेशंटकडून पैसे घेत नाहीत. ‘अडीच लाख मागतायत यातच उत्तर आहे,’ एवढंच त्या म्हणाल्या. बाबूला काय लागेल? झटक्यांचं औषध रोज, एक दिवसही न चुकवता. ते एकदम बंद केलं तर झटके वाढतात. व्यायाम. सरळ बसवणारी खुर्ची. आणि ज्याच्यासाठी कुणी चादर फिरवत नाही ते, म्हणजे वर्षानुवर्षं हेच करत राहणारं माणूस.

‘चालेल का जी तो?’ आईनं विचारलंच.

‘नाही वाटत. पण बसेल. आणि तुम्हाला ओळखेल.’

‘ओळखतेच मले,’ आई म्हणाली. तिला त्यात नवीन काही नव्हतं.

परतीच्या गाडीत दोघी गप्प. भंडारा रोड गेल्यावर ती म्हणाली, ‘बाई, एक सांगू? तुमी तो फोटू काढला ना... त्याची लाळ तं पुसाची होती.’

सात महिने तिनं ते मनात ठेवलं होतं.

गावात काय सांगायचं? आमच्या गटात दोन तट पडले. एक म्हणे, काही सांगू नका, पैसे हळूहळू औषधाला वापरू. दुसरा म्हणे, लोकांनी चालायला पैसे दिले, बसायला नाही. नवऱ्यानंही मला सुनावलं की तुझ्या अक्षराची हौस आता निस्तर. मला झोप येईना. शेवटी फेब्रुवारीत अंगणवाडीच्या ओसरीत सभा घेतली. एकसष्ट बाया आणि नऊ पुरुष. मी वही उघडून जमा वाचली, मग डॉक्टरांचं म्हणणं वाचलं, आणि म्हटलं, ‘मी खोटं लिहिलं होतं. जाणूनबुजून नाही, पण खोटंच. ज्याला पैसे वापस पाहिजेत त्यानं नाव सांगावं.’

शांतता. मग कुजबुज. चौघांनी नावं सांगितली, मिळून ११५० रुपये. तिथंच मोजून दिले. त्यांच्यावर गावात पुढे टोमणे झाले, ते मला आवडलं नाही. त्यांनी मागितले यात चूक काय होती? एक पुरुष उठून म्हणाला की बाईनं त्या पैशातून साडी घेतली, त्यानं पाहिलं. बाबूची आई उभी राहिली. साडी भावानं राखीला दिली होती. तिनं पदर हातात धरून एवढंच म्हटलं, ‘हे पाहा जी, हेच का?’ आणि बसली. मदत घेणाऱ्या बाईच्या साडीवर, तिच्या पोराच्या खाऊवर, तिच्या हसण्यावरसुद्धा गावाची नजर बसते. आम्ही ती बसवली होती, पोस्टर लावून.

शेवटी एक म्हातारी बोलली. वय सत्तरच्या पुढे, अजून रोवणीला जाते. ‘आता गं माय, रोवना केला का त्याच दिवशी धान कापता का तुमी? मह्या अडीचशे रुपयाले काही झालं नाही. राहू द्या तेथंच.’ त्यावर हशा झाला आणि सभा हलकी झाली. १,२५,८५० रुपये शिल्लक राहिले.

त्या पैशाचं पुढे काय केलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाला तरी उपयोग होईल. पहिलं, गावच्या सुतारानं डॉक्टरांनी काढून दिलेल्या मापावर खुर्ची बनवली. पाठीला तक्क्या, मध्ये खुंटा, पुढे ताट, पट्टे जुन्या स्कूलबॅगचे. २८०० रुपये झाले, मजुरी त्यानं घेतली नाही. दुसरं, दर महिन्याला चार हजारांचा हिशेब ठरवला. तुमसरला आठवड्यातून एकदा फिजिओथेरपी, महिन्याचे बाराशे. जाण्या-येण्याचे सहाशे. सरकारी दवाखान्यात न मिळणारी औषधं सातशे. लंगोट, अंडी, दही वगैरे पाचशे. आणि हजार रुपये आईच्या हाती, बिनहिशेबी.

या शेवटच्या हजारावरून जी भांडणं झाली! ‘हे काहून? पोटच्या पोराले सांभाळाचे पैसे?’ मी म्हटलं, ती रोवणीला जात नाही, कापणीला जात नाही, हंगामाचे किती गेले ते मोजा. मोजले. मोजल्यावर आवाज कमी झाले. अजूनही दोघीतिघींना पटलेलं नाही आणि मी पटवायचं सोडून दिलंय.

सरकारी योजना आहेत, आणि त्या आम्हाला कुणी दारात आणून सांगितल्या नाहीत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात आता एकवीस प्रकारचं अपंगत्व धरलेलं आहे, बहुविकलांगही त्यात आला. सगळ्याची किल्ली म्हणजे यूडीआयडी कार्ड. ते नसेल तर पुढचं काही नाही. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान २०२३ मध्ये महिना दीड हजार झालं आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी अडीच हजार करण्याचा निर्णय सरकारनं घेतला. नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ म्हणून विमा योजना आहे, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांग असलेल्यांसाठी, वर्षाला लाख रुपयांपर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्या ग्रामसभेत हे मी वाचून दाखवलं तेव्हा काही जणांना पहिल्यांदाच कळलं, किंवा तसा चेहरा तरी केला! कृत्रिम साधनांच्या ‘एडिप’ योजनेत अशा मुलांची खास खुर्ची मोफत मिळते. शिबिरात माप दिलं आणि ती २०२४ मध्ये आली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, ते याचसाठी, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे दोष वेळीच ओळखायला. पण मूल घरात गोधडीवर पडलेलं असेल आणि कुणी अंगणवाडीत आणलंच नाही, तर पथक काय करणार? बाबूला चार वर्षं कुणी नेलं नव्हतं. लाज वाटायची, आई म्हणते.

एका कचेरीत मात्र आमच्या चपला झिजल्या. ‘मुलाला घेऊन या.’ नेला. ‘साहेब दौऱ्यावर.’ पुन्हा नेला. ‘अंगठा लागत नाही.’ आवळलेली मूठ कशी लागणार अंगठ्याला! मशीनवर त्याची बोटं उलगडताना आई रडली नाही, मी रडले. दीड वर्ष गेलं. तोपर्यंत आमची वर्गणी होती म्हणून औषध तुटलं नाही, हे मी आता ठामपणे म्हणते. लोक विचारतात, सरकारी योजना असताना गावानं पैसे कशाला द्यायचे? त्या दीड वर्षासाठी द्यायचे.

या भानगडीत मी अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांबद्दल पुन्हा वाचलं. रस्त्यावर, कचराकुंडीत, रेल्वे स्टेशनवर टाकून दिलेल्या १२३ दिव्यांग मुलामुलींना त्यांनी स्वतःचं नाव दिलं. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे वाढलेली एक अंध मुलगी त्याच वर्षी एमपीएससीची परीक्षा पास झाली. पण मला जास्त भिडलं ते त्यांचं जुनं मागणं, की अशा मुलांना अठराव्या वर्षी संस्थेतून बाहेर काढू नका, त्यांना जन्मभर तिथंच राहू द्या. मूल लहान असतं तोवर सगळ्यांना दया येते. बाबू आता आठव्यात आहे. अजून मांडीवर उचलता येतो. पंधराव्या वर्षी त्याला खुर्चीत कोण उचलून ठेवणार? आईची कंबर आत्ताच दुखते. याचं उत्तर आमच्या वहीत नाही.

जमलेले पैसे गेल्या वर्षी संपले. आता चौतीस घरं महिन्याला शंभर-शंभर देतात आणि वर अनुदान येतं. चौतीसपैकी दर महिन्याला तीन-चार चुकतात, पुढच्या महिन्यात दोनशे देतात, काही देतच नाहीत. पोस्टर नाही, फोटो नाही. मोबाइलवर अजून तो जुना फोटो कुठून कुठून फिरून येतो, खाली माझंच वाक्य, आणि त्याखाली कुणीतरी भलताच खाते क्रमांक टाकलेला. आम्ही पोलिसांत सांगून ठेवलंय. तुमच्याकडे असे फोटो येतात तेव्हा पैसे पाठवण्याआधी दवाखान्यात फोन करून मुलाचं नाव विचारा. द्यायचं थांबवू नका, पण विचारा.

बाबूचं विचाराल, तर खुर्चीत तासभर बसतो. ट्रॅक्टरचा आवाज आला की हसतो, बापाच्या मिलचा भोंगा ओळखतो. न्यूमोनिया गेल्या दोन वर्षांत एकदाच झाला. झटके पूर्ण थांबले नाहीत. यंदा रोवणीला आई आठ दिवस आली, अर्धा-अर्धा दिवस. तेवढा वेळ ती सत्तरीची म्हातारी त्याच्याजवळ बसली आणि त्याला मोठमोठ्यानं गावातली भांडणं सांगत राहिली. त्याला ती फार आवडतात.

‘पोरगा चालाले लागला का, बाई?’ परवाच्या बाजारातही एकानं विचारलं.

‘नाही जी. बसते. दही खाते.’

‘बरं हाय,’ तो म्हणाला आणि खिसा चाचपायला लागला.

या महिन्याची वर्गणी ३,१०० जमली. खर्च जास्त होणार, कारण पोरगा वाढलाय आणि खुर्चीचे पट्टे आखूड पडतायत. सुतार म्हणतो, तक्क्याही बदलावा लागेल.